खिळ्यावरच्या मिशा

पुरवणी जबाब

मी, खाली सही करणार, वय ४२ वर्षे, धंदा शिवणकाम (गाड्यांची सीट कव्हरं व पडदे), राहणार टँकर यार्डाच्या मागची गल्ली, पिठाच्या गिरणीच्या वरचा मजला, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की, वरील पत्त्यावर मी, माझे मिस्टर आणि शाळेत जाणारी मुलगी असे तिघे राहतो. मिस्टर डिझेलच्या टँकरवर ड्रायव्हर आहेत. 'आहेत' असंच लिहा. पुढचं पुढे येईल.

काल सकाळी मी याच टेबलासमोर तक्रार दिली होती की, माझ्या मिस्टरांचे मित्र, त्याच यार्डातले ड्रायव्हर, ज्यांना सगळे भोंगा म्हणतात, यांनी मिस्टरांना टँकरच्या केबिनमधून ओढून खाली पाडलं, त्यांचा शर्ट फाडला, कोपराला लागलं, आणि गाडीची चावी व लायसन्स घेऊन ते निघून गेले. ती तक्रार खोटी नाही. जसं सांगितलं तसंच घडलं. पण का घडलं हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. ते सांगायला आज आपणहून आले आहे. मला कोणी शिकवून पाठवलेलं नाही की दमदाटी केलेली नाही. मला दमदाटी करील असा माणूस आमच्या गल्लीत अजून राहायला आलेला नाही.

सदर भोंगा हे आमच्या घरचेच समजा. मी त्यांना भाऊजी म्हणते, ते मला वहिनी म्हणतात. मी भाऊजी म्हणाले की लिहिणाऱ्या मॅडम 'आरोपी' लिहितात. ते मी वाचते आहे. आत्ता काही बोलत नाही.

त्यांना भोंगा म्हणतात कारण त्यांचा आवाज. यार्डाच्या त्या टोकाला त्यांनी "आलो रे" म्हटलं की इकडे माझ्या मशीनची सुई थांबते. हळू बोलणं त्यांना जमतच नाही. एखादी गोष्ट सगळ्या गल्लीला कळवायची असेल तर ती त्यांच्या कानात सांगावी, असं मी स्वतः कितीदा तरी म्हटलं आहे. हे मुद्दाम सांगते, पुढे उपयोगी पडेल.

यार्डाच्या पद्धतीबद्दल विचारल्यावरून सांगते की, फाटकाजवळच्या खिडकीत चावीवाले काका बसतात. त्यांच्या पाठीमागे लाकडी फळी आहे. फळीवर दर गाडीला एक खिळा आणि खिळ्याला त्या गाडीची चावी. ड्रायव्हरने आपलं लायसन्स खिळ्यावर टांगायचं आणि चावी घ्यायची. गाडी भरून, कागद होऊन ती फाटकाशी आली की काका लायसन्स परत हातात देतात आणि फाटक उघडतात. लायसन्स टांगलं नाही तर चावी नाही, मग तो मालकाचा जावई का असेना.

लायसन्स टांगायला पाकिटं मी शिवून दिली आहेत. सीट कव्हरांच्या उरलेल्या रेक्झिनची, पुढून पारदर्शक, वर अडकवायला फास. ओळखायला सोपं जावं म्हणून प्रत्येकाचा रंग वेगळा केला. मिस्टरांचं लाल, भाऊजींचं पिवळं. ही पाकिटं इतकी सवयीची झाली की काका आता फोटोकडे बघतच नाहीत. लाल पाकीट आलं की हात आपोआप मिस्टरांच्या चावीकडे जातो. रंगांची अक्कल माझीच, त्यामुळे काकांना बोल लावू नये.

घटनेबद्दल विचारल्यावरून सांगते की, काल सकाळी मिस्टर, गाडी दुरुस्त झाली असं सांगून, सुट्टीनंतर पहिल्यांदा यार्डात गेले. लाल पाकीट टांगलं, चावी घेतली, टँकर भरून घेतला आणि इंजिन चालू केलं. तेवढ्यात भाऊजी आपलं पिवळं पाकीट टांगायला खिडकीशी आले. दोघांचे खिळे शेजारी शेजारी आहेत. काकांनी मला नंतर सांगितलं की, भोंगा पाकीट टांगता टांगता थबकला, लाल पाकिटाकडे वाकून बघायला लागला, मग ते खिळ्यावरून ओढून धावत सुटला. काका ओरडले, "अरे, काय आग लागली का?" पुढचं सगळं यार्डाने पाहिलं. भाऊजी केबिनवर चढले, चावी फिरवून काढली, मिस्टरांची कॉलर धरली आणि खाली ओढलं. मिस्टर म्हणाले, "सोड, माझ्या पोटावर पाय देऊ नकोस." भाऊजी काही बोलले नाहीत. तिथेच मला शंका यायला हवी होती. भोंगा आणि गप्प!

मला शेजारणीने सांगितलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. अंगावरच्या कपड्यांनिशी, बोटात अंगुस्तान तसंच, मी इथे आले. काल मी भाऊजींना काय काय म्हणाले ते तुमच्याकडे लिहिलेलंच आहे. मित्र म्हणवून घेऊन पाठीत सुरा खुपसला, लांबची फेरी मिस्टरांना मिळते म्हणून पोटात दुखतं, आमच्या घरात बसून आमचंच खाल्लं आणि आमचाच घास काढला. हे सगळं मी बोलले. मॅडमनी भराभर लिहिलं. एकही शब्द गाळला नाही.

तक्रार देऊन मी मोठी मर्दुमकी गाजवल्यासारखी घरी गेले. मिस्टर खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. कोपराला फडकं गुंडाळलेलं. मी म्हटलं, "घातली तक्रार. बसू दे आता चौकीत ओरडत." ते म्हणाले, "तू तक्रार केलीस?" एवढंच. चेहरा असा पडला, मला वाटलं, दुखतंय. संध्याकाळी मी चहा टाकला. ग्लास हातात दिला. तो हातातून खाली पडून फुटला. मी म्हटलं, "आता माझ्या ग्लासांवर राग काढा." मागे वळून पाहिलं तर ते खुर्चीत नव्हते, जमिनीवर होते.

त्यांच्या अवस्थेबद्दल मॅडमनी सविस्तर विचारलं. हातपाय ताठ, डोळे वर, दात असे आवळलेले की उघडेनात. मी नाव घेऊन हाका मारल्या. मी त्यांना नावाने हाक कधी मारत नाही. मग मी फरशीवर लाटणं आपटलं. खालचे गिरणीवाले त्यानेच वर आले, नाहीतर काय झालं असतं देव जाणे. गिरणी बंद करायच्या वेळेला आम्ही त्यांना पोत्यांच्या हातगाडीवर घालून दवाखान्यात नेलं. गाडीवरच्या पिठाने मिस्टर पांढरेफटक झाले होते. गिरणीवाल्यांनी गाडी पुसलीही नाही आणि मीही म्हटलं नाही. त्यांचे उपकार मी या जन्मी फेडू शकणार नाही. हे पण लिहा.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "पहिलीच वेळ का?" मी म्हटलं, "हो, पहिलीच. यांना साधी सर्दीही होत नाही." तोवर मिस्टर शुद्धीवर आले होते. पलंगावरून म्हणाले, "दुसरी." डॉक्टरबाईंनी मला स्टूल दिलं.

मग त्यांनी सगळं सांगितलं ते असं. मागच्या महिन्यात लांबच्या फेरीवर, रस्त्याकडेला जेवायला थांबलेले असताना त्यांना असाच फिटचा झटका आला. भाऊजींचा टँकर पाठोपाठ होता. भाऊजींनीच त्यांना सांभाळलं, दोन्ही गाड्या परत आणायची व्यवस्था केली आणि दुसऱ्या दिवशी हाताला धरून तपासणीला नेलं. तपासणीत जे निघालं ते डॉक्टरांनी परिवहन कार्यालयाला कळवलं. कार्यालयाने मिस्टरांचं लायसन्स थांबवून ठेवून घेतलं. औषध घ्या, पूर्ण बरे झालात असं डॉक्टरांनी लिहून दिलं की या, असं सांगितलं. त्या दिवशी मिस्टर घरी आले तेव्हा जिभेला जखम होती. मला म्हणाले, जेवताना चावली. गाडी दुरुस्तीला आहे म्हणून सुट्टी, असंही म्हणाले. इतके दिवस त्यांनी मला ताकास तूर लागू दिली नाही. भाऊजींना त्यांनी शब्द दिला होता की, गाडीला हात लावणार नाही आणि तिला मीच सांगेन, तू बोलू नकोस. भाऊजी बोलले नाहीत. रोज संध्याकाळी येऊन आमच्याकडे बसायचे, मिस्टरांच्या तोंडाकडे बघायचे आणि जायचे. मी म्हणायची, "भाऊजी, आज आवाज बसला का?" ते म्हणायचे, "हो वहिनी, थंड पाणी प्यायलो."

लायसन्स कार्यालयात जमा असताना मिस्टरांनी खिळ्यावर काय टांगलं, असं विचारल्यावरून सांगते की, दुसरं. आम्ही पूर्वी पलीकडच्या प्रांतात राहत होतो. मिस्टर तिकडेही जड गाडीच चालवायचे, तिकडचं लायसन्स त्यांच्याकडे होतं. इकडे आल्यावर त्यांनी इथलं काढलं. नियम असा आहे की जड वाहनाचं लायसन्स एका माणसाला एकच, नवं घेताना जुनं जमा करायचं. हा नियम मला काल कळला. त्यांना तेव्हाच माहीत होता. त्यांनी जुनं हरवलं असं सांगितलं आणि बंद पडलेल्या रेडिओचं मागचं झाकण उघडून आत ठेवलं. तो रेडिओ भंगारात देऊ का म्हणून मी दर साफसफाईला विचारत असे आणि ते दर वेळी म्हणत, "राहू दे, आवाज फार गोड होता त्याचा."

मी दवाखान्यात त्यांना विचारलं, "दोन असली तर काय बिघडतं? जादाच आहे ना एक?" हे मी खरंच विचारलं, मला कळलं नव्हतं. ते म्हणाले, "अगं, एकच असतं ना, तर ते थांबवल्यावर मी थांबलो असतो. दुसरं होतं म्हणून थांबलो नाही." मग तोंड भिंतीकडे करून रडले.

त्या जुन्या लायसन्सवर मिस्टरांचा मिशांचा फोटो आहे. चांगल्या टोकं वळवलेल्या मिशा. मुलगी तान्ही असताना त्या तिला टोचायच्या, ती किंचाळायची, म्हणून त्यांनी इकडे यायच्या आधीच काढून टाकल्या. या यार्डात त्या कोणी पाहिलेल्या नाहीत. माझ्या लाल पाकिटातून तो फोटो बाहेर बघत होता. काकांनी पाकीट पाहिलं आणि चावी दिली. भाऊजींना माहीत होतं की या खिळ्यावर पाकीट असायलाच नको. तिथे लाल पाकीट दिसलं, पाकिटात मिशा दिसल्या, आणि त्यांना सगळं समजलं.

सदर टँकर त्या वेळेला कुठे असला असता, याबद्दल मी काकांना आज सकाळी विचारलं. काका म्हणाले, गिरणी बंद व्हायच्या वेळेला तो पुलाच्या उतारावर असतो, भरलेला. उतार संपतो तिथे बाजार आहे आणि शाळेचं फाटक आहे. माझ्या मुलीची शाळा ती नाही. पण कुणाच्या ना कुणाच्या मुली तिथे असतातच. मिस्टर त्या वेळेला माझ्या घरात, माझ्या फरशीवर पडले. फुटला तो एक ग्लास.

एवढं झाल्यावर मिस्टर मला म्हणाले, "माझ्याजवळ बसू नकोस. जा, आधी त्याला सोडव." मी म्हटलं, "खरं सांगितलं तर तुमच्यावर येईल." ते म्हणाले, "येऊ दे. माझंच आहे ते." मुलीला त्यांच्याजवळ बसवून मी आले. त्यांनी नियम मोडला आहे, कार्यालयात खोटं सांगितलं आहे, त्याची जी काही कारवाई असेल ती त्यांना मान्य आहे. हे त्यांच्या सांगण्यावरून आणि त्यांच्या परवानगीने लिहून देत आहे.

आज ठाण्यात आल्यावर काय पाहिलं असं विचारल्यावरून सांगते की, भाऊजी बाहेरच्या बाकावर काल दुपारपासून बसलेले आहेत. साहेबांनी मला सांगितलं की, या माणसाने आल्याबरोबर चावी आणि स्वतःचं लायसन्स टेबलावर ठेवलं, पण मारहाण का केली विचारलं तर "केली" म्हणतो, मित्राचं लायसन्स कुठे विचारलं तर "माहीत नाही" म्हणतो. त्यापलीकडे अक्षर नाही. अंगझडतीत मिळून आलं नाही. माझ्या तक्रारीवर गुन्हा पुढे गेला तर भाऊजींची नोकरी जाणार आणि त्यांचं स्वतःचं लायसन्स थांबणार, हे त्यांना साहेबांनी नीट समजावून सांगितलं होतं. घरी त्यांची म्हातारी आई आहे आणि कमावणारे ते एकटेच. तरी बोलले नाहीत. एक वाक्य बोलले असते तर सुटले असते. पण त्या वाक्याने मिस्टर अडकले असते.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "भाऊजी, मला सगळं कळलं. यांनीच सांगितलं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे पाहिलं. मग वाकून उजव्या पायातला बूट काढला आणि आतल्या तळव्याखालून ते लायसन्स काढून माझ्या हातात दिलं. मॅडमनी सांगितलं की, काल यांच्या कागदात 'आरोपी उजव्या पायाने लंगडतो' अशी नोंद झालेली आहे. साहेब हसले. मला हसूही आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. भाऊजी म्हणाले, "वाकलंय थोडं. मिशा शाबूत आहेत."

सदर लायसन्स मी या जबाबासोबत हजर करत आहे. ते घरी परत नेणार नाही.

माझ्या तक्रारीबद्दल विचारल्यावरून सांगते की, माझी भाऊजींविरुद्ध कसलीही तक्रार राहिलेली नाही. शर्ट मी शिवीन, माझा धंदाच आहे. कोपर दोन दिवसांत भरेल. मी त्यांचे आभार मानते. मॅडम म्हणाल्या, आभार जबाबात लिहीत नाहीत. मी म्हटलं, काल शिव्या लिहिल्यात ना? काल मी जे जे म्हणाले ते सगळं भराभर लिहिलंत, तेव्हा हात आखडला नाही. मग आजचंही लिहा. साहेबांनी मॅडमना लिही म्हणून खूण केली. साहेबांचेही आभार.

तर लिहा, की त्यांनी माझ्या नवऱ्याला ओढून खाली पाडलं म्हणून माझा नवरा आज दवाखान्यात आहे आणि मला दिसतो आहे. भात मऊ नाही म्हणून कुरकुर करतो आहे. ती कुरकुर ऐकून माझा जीव भांड्यात पडतो. औषध नियमित घेतलं तर माणूस चांगला राहतो असं डॉक्टरबाई म्हणाल्या. गाडीचं नंतर बघू. चावीवाले काका म्हणाले, "माझ्या खिडकीत बसवू त्याला, मिशा कोण कुठे लपवतो ते त्याच्याइतकं कोणाला कळणार!" ते थट्टेने म्हणाले की खरंच, माहीत नाही. पण मिस्टर ऐकून हसले. किती दिवसांनी हसले. ज्याला मी पाठीत सुरा म्हणाले, तो माणूस पाठीशी उभा होता. तोंडाने सगळ्या यार्डाला पुरून उरणारा माणूस आमच्यासाठी गप्प बसला आणि स्वतःचं एकुलतं एक लायसन्स तुमच्या टेबलावर ठेवून बसला. माझ्या मिस्टरांकडे दोन होती. यांच्याकडे हे एकच आहे. ते त्यांना परत द्यावं, एवढीच माझी विनंती आहे.

मॅडमनी हा जबाब मला पहिल्यापासून वाचून दाखवला. वाचताना जिथे जिथे 'आरोपी' आलं तिथे तो शब्द खोडून 'भाऊजी' लिहावं असं मी सांगितलं. खाडाखोड चालत नाही असं त्यांनी सांगितलं. म्हणून इथे शेवटी लिहून देते की, वर जिथे आरोपी लिहिलं असेल तिथे भाऊजी वाचावं. वाचन चालू असताना बाहेरच्या बाकावरून, सगळ्या ठाण्याला ऐकू जाईल अशा आवाजात, "वहिनी, तो जेवला का?" असं विचारण्यात आलं. मी आतूनच "जेवला" म्हणून सांगितलं. बाकी सर्व मी सांगितल्याबरहुकूम उतरलं आहे, ते ऐकून खाली सही करते.